१९६० च्या दशकातील डीप-व्ही नौकेत आउटड्राइव्ह बसवताना इंजिने पुढेच ठेवावीत का?

निळीरेघ

नमस्कार. माझ्याकडे १९६० च्या दशकाच्या अखेरीस बांधलेली ३१ फुटी फायबरग्लासची डीप-व्ही, म्हणजे खोल व्ही आकाराच्या बुडाची नौका आहे. ट्रान्समपाशी (मागच्या सपाट भिंतीपाशी) तिच्या बुडाचा उतार २३ अंश आहे. दोन पेट्रोल इंजिने कॉकपिटमधल्या पेट्यांखाली, म्हणजे जवळजवळ नौकेच्या मध्यावर बसवलेली आहेत आणि तिथून गिअरबॉक्स, सरळ शाफ्ट, शाफ्टला धरणारे ब्रॅकेट, पंखे व मागे दोन सुकाणू अशी मूळची रचना आहे. खवळलेल्या पाण्यात ही नौका ज्या शांतपणे लाट कापते, तो अनुभव मला आजच्या कित्येक नव्या नौकांमध्ये आलेला नाही, आणि म्हणूनच तिच्यावर खर्च करायची माझी तयारी आहे.

दोन्ही इंजिने आता दुरुस्तीपलीकडे गेली आहेत. त्यांच्या जागी प्रत्येकी २७० अश्वशक्तीची, मिनिटाला ३६०० फेऱ्यांवर चालणारी दोन डिझेल इंजिने घ्यायचे ठरवले आहे, आणि गिअरबॉक्स न धरता प्रत्येकाचे वजन सुमारे ४२० किलो आहे. इंजिने बदलायचीच आहेत तर त्याच वेळी सरळ शाफ्ट काढून आउटड्राइव्ह, म्हणजे ट्रान्समबाहेर बसणारे, गिअर व पंखा असलेले पाय बसवावेत, असा विचार आहे. आताचे शाफ्ट मागच्या बाजूला सुमारे १३ अंश खाली झुकलेले आहेत, त्यामुळे पंख्याचा रेटा पूर्णपणे आडवा मिळत नाही. शिवाय ब्रॅकेट, उघडे शाफ्ट आणि सुकाणू हे सगळे पाण्यात अडथळा करत राहतात. आउटड्राइव्ह घेतले तर ट्रिम (पायाचा कोन बदलून नौकेचे टोक वर-खाली करणे) हाताशी येईल आणि उथळ पाण्यात पाय वर उचलता येतील.

माझी अडचण इंजिनांच्या जागेची आहे. नेहमीच्या पद्धतीने ती ट्रान्समला चिकटवून बसवावीत, की आहेत जवळजवळ तिथेच ठेवून जॅकशाफ्टने, म्हणजे मधल्या लांब शाफ्टने, ड्राइव्हला जोडावीत? दुसरा मार्ग घेतला तर माझ्या मापाप्रमाणे शाफ्टची लांबी दीड मीटरच्या आसपास येते. एवढा लांब शाफ्ट ३६०० फेऱ्यांवर विश्वासाने चालेल का, आणि ट्रान्समचे नेमके काय काय तपासावे? ज्यांनी असे काम स्वतः केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांचे मत मला मोलाचे वाटेल.

उधाण

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या दृष्टीने स्पष्ट आहे: इंजिने पुढेच ठेवा. ज्या गुणासाठी तुम्ही ही नौका जपत आहात, तो गुण बुडाच्या आकारात जितका आहे तितकाच वजनाच्या मांडणीतही आहे.

डीप-व्हीचा पाया नौकांचे आराखडे करणारे रे हंट यांनी घातला. त्यांच्या आराखड्यावर बांधलेल्या ‘मॉपी’ने १९६० ची मायामी–नासाऊ शर्यत खवळलेल्या समुद्रात जिंकली आणि त्यानंतर ३१ फुटी बर्ट्रम बाजारात आली. त्याच शर्यतीत दुसरी आलेली ‘अ‍ॅक्वा हंटर’ ही नौकासुद्धा हंट यांच्याच बुडाची होती आणि ती चालवत होते जिम विन, ज्यांच्या कल्पनेवरून व्होल्वो पेंटाने १९५९ मध्ये अ‍ॅक्वामॅटिक हा आउटड्राइव्ह आणला. डीप-व्ही आणि आउटड्राइव्ह यांचे नाते असे अगदी सुरुवातीपासूनचे आहे, त्यामुळे तुमचा बदल नौकेच्या स्वभावाविरुद्ध जाणारा आहे असे मी मानत नाही. मात्र ड्राइव्ह गृहीत धरून आखलेले बूड वेगळे आणि मध्यावर इंजिने गृहीत धरून आखलेले बूड वेगळे. तुमचे दुसऱ्या प्रकारचे आहे.

हिशेब करून पाहू. भरलेली नौका ५००० किलोची धरतो. दोन इंजिने मिळून ८४० किलो. त्यांचा गुरुत्वमध्य आज ट्रान्समपासून ३ मीटर पुढे असेल आणि ट्रान्समला चिकटवल्यावर तो ०.७ मीटरवर येईल, तर ८४० किलो वजन २.३ मीटर मागे सरकते आणि संपूर्ण नौकेचा गुरुत्वमध्य सुमारे ३९ सेंटिमीटर मागे जातो. त्यात ड्राइव्ह आणि त्यांची ट्रान्समवरची जोडणी असे प्रत्येकी १३० किलो धरा. ते वजन तर ट्रान्समच्याही मागे लटकते. काढून टाकलेले शाफ्ट, ब्रॅकेट, सुकाणू आणि गिअरबॉक्स यांची वजावट केली तरी आणखी सहा-सात सेंटिमीटरची भर पडते. एकूण ४५ सेंटिमीटरच्या आसपास. आठ मीटर जलरेषेच्या नौकेत ही फार मोठी सरक आहे. तिचे परिणाम असे दिसतील की थांबलेली असताना ती मागे बसेल, पाण्यावर चढायला (वर उचलून पाण्यावरून सरकायला) जास्त वेग मागेल, चढताना नाळ, म्हणजे पुढचे टोक, आभाळाकडे जाऊन पुढचे दिसेनासे होईल, आणि वेगात ट्रिम जरा बाहेर दिला की नाळ वर-खाली डोलू लागेल. खवळलेल्या पाण्यात १५ ते १८ नॉट वेगाने सावकाश पण पाण्यावर चढून चालता येणे हा या नौकांचा खरा गुण; तो सगळ्यात आधी जाईल.

जॅकशाफ्ट घेऊन इंजिनांचा मध्य ट्रान्समपासून २.२ मीटरवर ठेवलात, तर इंजिनांमुळे होणारी सरक १३ सेंटिमीटर आणि ड्राइव्हची भर धरून साधारण २० सेंटिमीटर होते. त्यातले सहा-सात सेंटिमीटर परत मिळवणे फारसे अवघड नाही, कारण १२० किलोच्या बॅटऱ्या तीन मीटर पुढे नेल्या की तेवढा फरक पडतो. उरलेली सरक ट्रिम टॅबच्या (ट्रान्समखालच्या हलत्या पट्ट्यांच्या) आवाक्यात येते. माझे आकडे अंदाजी आहेत. तुम्ही नौका काट्यावर उचलण्याची सोय कराच, आणि पुढच्या व मागच्या पट्ट्यावर येणारे वजन वेगवेगळे नोंदवून घ्या. तेवढ्यावरून आजचा गुरुत्वमध्य काढता येतो आणि पुढची सगळी आकडेमोड खऱ्या पायावर उभी राहते.

ओलीदोरी

मी थोडे वेगळे मत मांडतो, कारण हा निर्णय केवळ वजनाचा नाही.

तुमची नौका वर्षातले किती दिवस पाण्यात उभी असते? ती कायम खाऱ्या पाण्यात राहणार असेल, तर मी सरळ शाफ्टच ठेवीन. सरळ शाफ्टची रचना काशाची, पितळेची आणि स्टेनलेस स्टीलची असते आणि ती दुर्लक्ष सहन करते. आउटड्राइव्ह म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे कवच. ते पाण्यात सतत बुडलेले राहिले की त्याच्या अ‍ॅनोडची (स्वतः झिजून कवच वाचवणाऱ्या धातूच्या तुकड्याची) काळजी महिन्यांच्या हिशेबाने घ्यावी लागते. शेजारच्या नौकेच्या किनाऱ्यावरील वीजजोडणीतून गळती असेल, तर एका हंगामात अ‍ॅनोड संपून कवचाला खड्डे पडल्याचे मी पाहिले आहे. ड्राइव्हवर तांबे असलेला अँटिफाउलिंग (शेवाळ-शिंपले चढू न देणारा) रंग कधीही लावू नये, ही गोष्ट रंग देणाऱ्यांना प्रत्येक वेळी नव्याने सांगावी लागते.

दुसरी गोष्ट बेलोजची. ट्रान्समच्या भोकातून जाणारा जोड पाण्यापासून वेगळा ठेवणारी ती एक रबरी नळी आहे आणि ती जलरेषेच्या खाली आहे. ती फाटली तर आधी युनिव्हर्सल जॉइंट (कोनातही फिरणारा जोड) आणि बेअरिंग जाते, आणि कोणाचे लक्ष नसेल तर नौकाही जाऊ शकते. बाहेरून ती चांगली दिसली तरी घडीच्या आतल्या बाजूला बोटाने दाबून पाहिल्यावरच बारीक चिरा कळतात, आणि त्यासाठी ड्राइव्ह पूर्ण वर उचलावा लागतो. ती दोन वर्षांनी बदलायची, मग ती कितीही चांगली दिसो, एवढी शिस्त पाळता येणार असेल तरच या वाटेने जावे. तुमच्याकडे दोन ड्राइव्ह असतील, म्हणजे ही शिस्त दुप्पट.

नौका वापरानंतर बाहेर काढून ठेवणार असाल, तर माझा बहुतेक आक्षेप गळून पडतो.

जुनेलाकूड

वरची दोन्ही मते मला पटतात, पण मूळ प्रश्नात ट्रान्सम शेवटी आला आहे आणि माझ्या मते तो पहिला यायला हवा.

सरळ शाफ्टच्या नौकेत पंख्याचा रेटा शाफ्टमधून गिअरबॉक्सच्या थ्रस्ट बेअरिंगवर, तिथून इंजिनाच्या पायांवर आणि पायांमधून स्ट्रिंजरवर, म्हणजे बुडातल्या लांब तुळयांवर जातो. ट्रान्समला त्यात काहीच काम नसते. तो मागून पाणी आत येऊ न देणारी भिंत असतो, आणि ज्यांनी तुमची नौका बांधली त्यांनी तो त्याच हिशेबाने बांधला. आउटड्राइव्ह बसवल्या दिवसापासून नौका पुढे ढकलण्याचे सगळे काम त्याच भिंतीवर येते. रेट्याचा अंदाज घ्यायचा तर २७० अश्वशक्ती म्हणजे सुमारे २०० किलोवॉट, वेग ३५ नॉट म्हणजे सेकंदाला १८ मीटर आणि पंख्याची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर प्रत्येक ड्राइव्ह ट्रान्समला साडेसहाशे ते सातशे किलो भाराने ढकलत असतो. नौका पाण्यावर चढताना हा रेटा याहून जास्त असतो.

हा भार सरळही नसतो. पंखा ट्रान्समच्या भोकाच्या बराच खाली असल्यामुळे रेटा ट्रान्समला पिळवटतो: जोडणीची खालची कड आत दाबली जाते आणि वरचे बोल्ट बाहेर ओढले जातात. त्यावर लाटेवरून उडी मारून परत आपटल्याचे धक्के, सुकाणूसारखे वळवताना येणारे आडवे जोर आणि रिव्हर्समधली उलटी ओढ. म्हणून नुसता जाड ट्रान्सम पुरत नाही. तो स्ट्रिंजरला बांधलेला असावा लागतो. प्रत्येक ड्राइव्हच्या दोन्ही बाजूंना, ट्रान्समच्या अर्ध्याहून अधिक उंचीपर्यंत चढणारे आणि पुढे स्ट्रिंजरवर निदान तितकेच लांब उतरणारे त्रिकोणी नी (आधार) हवेत. तुमच्या बाबतीत याची गरज आणखी जास्त आहे. नेहमीच्या बसवणीत इंजिनाचे मागचे पाय ट्रान्समच्या आतल्या प्लेटवर आणि पुढचे पाय स्ट्रिंजरवर असतात, त्यामुळे इंजिनाचे अंगच ट्रान्समला थोडा आधार देते. जॅकशाफ्टच्या रचनेत तो आधार नाही.

आता तपासणी. आधी आतून-बाहेरून छोट्या हातोडीच्या प्लास्टिकच्या टोकाने वीतभर अंतरावर ठोकत जा. चांगला भाग खणखणीत वाजतो, कुजलेला किंवा सुटलेला भाग बद्द वाजतो, आणि ही सीमा एकदा कानाला कळली की खडूने आखता येते. जुने एक्झॉस्टचे भोक, पाणी निचऱ्याची भोके, ट्रिम टॅबचे स्क्रू आणि शिडीचे बोल्ट यांच्या भोवती जास्त वेळ द्या, कारण ट्रान्समच्या फायबरच्या थरांमधल्या प्लायवुडच्या गाभ्यात पाणी शिरते ते तिथूनच. मग आतल्या बाजूने ६ मिलिमीटरचे ड्रिल बाहेरच्या थराच्या अलीकडे थांबवून दहा-बारा भोके घ्या आणि प्रत्येक भोकातला भुगा पांढऱ्या कागदावर वेगळा ठेवा. कोरडा, फिकट, कुरकुरीत भुगा म्हणजे लाकूड शाबूत. गडद, बोटांत दाबल्यावर गोळा होणारा आणि आंबट वास येणारा भुगा म्हणजे तो भाग गेला. ओलावा मोजणाऱ्या एकट्या यंत्रावर मी विसंबत नाही; भुगा मात्र खोटे सांगत नाही.

माझ्याकडे आलेल्या एका जुन्या नौकेचा ट्रान्सम बाहेरून आरशासारखा होता. वरच्या दोन-तृतीयांश भागातला भुगा कोरडा निघाला, आणि खालच्या ओळीतले पहिले भोक घेताच ड्रिलच्या पात्यावरून तपकिरी पाणी ओघळून आले. ते पाणी थांबायला पाऊण तास लागला. त्या नौकेला पूर्वीच्या मालकाने ड्राइव्हचे भोक पाडायची तयारी केली होती, आकार पेन्सिलने आखलेलासुद्धा होता.

गाभा बदलायचा असेल तर आतून बदला, बाहेरचा मूळ थर आणि त्याचा आकार तसाच राहू द्या. जुन्या फायबरवर चिकटवायला इपॉक्सीच वापरा. पॉलिएस्टर जुन्या थराला तितके धरत नाही. जाडी तुमच्या ड्राइव्हच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवा. मर्क्रूझर बनावटीच्या ड्राइव्हच्या बाबतीत ती ५१ ते ५७ मिलिमीटर आहे, आणि जाडीइतकेच महत्त्व आतले व बाहेरचे पृष्ठ एकमेकांना समांतर असण्याला आहे. क्लॅम्प लावलेल्या भागात एक सुताचाही फरक राहू देऊ नका, नाहीतर प्लेट कसताना वाकते आणि गॅस्केट एका कोपऱ्यात गळते. भोक पाडल्यावर प्लायवुडची उघडी कड इपॉक्सीने तीन वेळा भिजवा. ही कड आयुष्यभर पाण्याच्या बाजूला असणार आहे.

जुन्या शाफ्टची, ब्रॅकेटची आणि सुकाणूंची भोके बुजवताना कडा एकास बारा या उताराने घासून थर चढवा: १० मिलिमीटर जाड बुडाला १२० मिलिमीटर रुंद उतार. नुसते पुटी भरून वर एक थर मारलेले भोक वेगाच्या आपटीत निघते.

शाफ्टवाला

आता दीड मीटरच्या शाफ्टबद्दल सांगतो. हे काम मी केले आहे आणि एकदा चुकलोही आहे.

पहिली गोष्ट अशी की सरळ शाफ्टच्या अनुभवावरून जॅकशाफ्टचा अंदाज करू नये. सरळ शाफ्ट गिअरबॉक्सच्या मागे असतो. दोनास एक गिअर असेल तर तो इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो. आउटड्राइव्हमध्ये गिअर ड्राइव्हच्या पायात असतात, म्हणून जॅकशाफ्ट इंजिनाच्या पूर्ण वेगाने फिरतो. पीळ (टॉर्क) त्यामानाने कमी असतो. तुमच्या इंजिनाचा ३६०० फेऱ्यांवरचा पीळ सुमारे ५३५ न्यूटन-मीटर आहे आणि कमी फेऱ्यांवर तो याहून थोडा जास्त असेल. हा भार युनिव्हर्सल जॉइंटमधला मध्यम आकाराचा क्रॉससुद्धा सहज पेलतो. भीती वेगाची आहे.

कोणताही लांब शाफ्ट एका ठरावीक वेगाला मधोमध धनुष्यासारखा वाकून फिरू लागतो. त्या वेगाला क्रिटिकल वेग म्हणतात, आणि तो लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. बाहेरून ७६ मिलिमीटर व ३ मिलिमीटर जाडीची स्टीलची नळी दीड मीटर लांबीला धरली, तर हा वेग सैद्धांतिक हिशेबाने ५५०० फेऱ्यांच्या आसपास येतो. लांबी १.२ मीटर केली तर तो ८६०० च्या पुढे जातो, आणि २ मीटर केली तर ३१०० वर उतरतो, म्हणजे तुमच्या कामाच्या वेगाच्याही खाली. प्रत्यक्षात स्प्लाइनची (शाफ्टच्या सरकत्या दातेरी जोडाची) ढिलाई आणि आधारांची लवचिकता यामुळे आकडा आणखी घटतो, म्हणून कामाचा सर्वोच्च वेग हिशेबाच्या दोन-तृतीयांशाच्या आत ठेवावा, असे मी मानतो. इंजिन भाराविना ३९०० पर्यंत गेले तर ७६ ची नळी त्या मर्यादेच्या बाहेर पडते. १०० मिलिमीटर व्यासाची, तितक्याच जाडीची नळी घ्या. तिचा वेग ७३०० च्या वर येतो आणि वजन थोडेच वाढते. नळी तोंडे वेल्ड केल्यानंतर, पूर्ण जुळणी करूनच, बॅलन्स करून घ्यावी. दोन तुकडे वेगवेगळे बॅलन्स करून जोडणे म्हणजे बॅलन्स न करणे.

अनेकांच्या मनात एक गोंधळ असतो, तो इथेच दूर करतो. ड्राइव्ह वळतो आणि ट्रिम होतो ते बेलोजच्या आतल्या त्याच्या स्वतःच्या युनिव्हर्सल जॉइंटवर. जॅकशाफ्टचे मागचे टोक ट्रान्समच्या आतल्या बाजूला बेअरिंगच्या कवचात बसवलेल्या फ्लँजला (जोडणीच्या तबकडीला) जोडलेले असते आणि ती फ्लँज जागची हलत नाही. जॅकशाफ्टला सांभाळायची असते ती फक्त ही स्थिर फ्लँज आणि रबरी पायांवर थरथरणारे इंजिन यांच्यामधली रेषा.

त्या रेषेचे नियम दोन. दोन्ही टोकांच्या फ्लँज एकमेकींना समांतर हव्यात, म्हणजे दोन्ही जॉइंटचे कोन सारखे येतात. आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉसला धरणारे दुशिंगी तुकडे) एकाच पातळीत हवेत. युनिव्हर्सल जॉइंट कोनात फिरताना पलीकडचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. ३ अंशांना ही वाढ-घट हजारात दीडच्या आत असते, पण १० अंशांना दीड टक्का होते. दोन्ही कोन सारखे आणि योक एका पातळीत असले, तर पहिल्या जॉइंटने केलेले दुसरा निस्तरतो. स्प्लाइन एक दात चुकवून बसवली की तो हिशेब मोडतो आणि शाफ्टच्या दुप्पट वेगाची थरथर सुरू होते, जिचे कारण लोक इंजिनाच्या पायांत शोधत बसतात. स्प्लाइन सोडण्याआधी दोन्ही भागांवर पंचाने खूण करा.

आता माझी चूक. मला वाटले की कोन जितका कमी तितके चांगले, म्हणून मी दोन दिवस खपून इंजिन अगदी एकरेषेत आणले. १८० तासांनी ड्राइव्हच्या दुसऱ्या कामासाठी शाफ्ट उतरवला, तेव्हा क्रॉसच्या चारही खुंटांवर बारीक उभ्या रेषा होत्या, एकमेकींपासून सुईइतक्या अंतरावर, नखाने सहज जाणवतील अशा. कोन शून्य असल्यामुळे बेअरिंगच्या सुया फिरतच नव्हत्या. एकाच जागी उभ्या राहून खुंटात रुतत होत्या. सुया फिरायला थोडा कोन लागतोच. १ ते ३ अंश योग्य, आणि दीड मीटरच्या शाफ्टला २ अंश म्हणजे इंजिनाची रेषा मागच्या फ्लँजच्या रेषेपेक्षा ५२ मिलिमीटर वर किंवा बाजूला. तुमच्या व्ही आकाराच्या बुडात इंजिन थोडे वर घ्यावेच लागेल, त्यामुळे हा कोन आपोआप साधेल. फक्त तो मोजून साधा.

शेवटचा मुद्दा डिझेलचा. डिझेलचे प्रत्येक ज्वलन शाफ्टला हिसका देते, म्हणून फ्लायव्हीलवर रबरी टॉर्शनल कपलिंग (पिळाचे हिसके शोषणारा जोड) हवेच. पण त्या रबरावर युनिव्हर्सल जॉइंट थेट लटकवू नका. रबर पीळ सोसते, लटकते वजन सोसत नाही. फ्लायव्हीलच्या कवचाला बसणारे, स्वतःचे बेअरिंग आणि आखूड शाफ्ट असलेले हाउसिंग मिळते, ते घ्या. इंजिन, कपलिंग, शाफ्ट आणि ड्राइव्ह या संपूर्ण साखळीचा टॉर्शनल हिशेब कपलिंग बनवणाऱ्यांकडून करवून घ्या आणि तो कागद जपून ठेवा.

शाफ्टवर जाड पत्र्याचे पूर्ण आच्छादन आणि दोन्ही टोकांपाशी मजबूत कडी बसवल्याशिवाय इंजिन सुरूसुद्धा करू नका. ३६०० फेऱ्यांवर सुटलेला शाफ्ट बूड फोडतो आणि वर उभ्या माणसाचे पाय त्याच रेषेत असतात. आच्छादनाला ग्रीसचे निपल गाठता येतील अशी झाकणे ठेवा, कारण जिथे हात पोहोचत नाही तिथे ग्रीस जात नाही.

निळीरेघ

सर्वांचे मनापासून आभार. ओलीदोरी यांच्या प्रश्नाचे उत्तर: नौका हंगामात सलग दोन-तीन आठवडे पाण्यात असते, एरवी बाहेर कोरड्या जागेत असते. बेलोजची शिस्त मी पाळू शकेन, आणि पाहणीची तारीख इंजिनाच्या नोंदवहीतच लिहायचे ठरवले आहे.

गेल्या दोन दिवसांत जुनेलाकूड यांनी सांगितल्याप्रमाणे ट्रान्सम ठोकून पाहिला आणि बारा भोके घेतली. वरच्या आठ भोकांतला भुगा कोरडा निघाला. डाव्या बाजूच्या खालच्या दोन भोकांतला भुगा काळपट होता आणि बोटांत त्याची गोळी झाली. ती दोन्ही भोके जुन्या एक्झॉस्टच्या खाली आहेत. उजवीकडची खालची दोन ओलसर, पण रंग फिकट. अर्धा ट्रान्सम ठेवून अर्धा बदलण्याचा मोह झाला होता, पण दोन ड्राइव्हचा भार त्या सांध्यावर टाकायचे धैर्य मला होत नाही. संपूर्ण गाभा आतून बदलतो आहे, चार नींसह.

शाफ्टच्या मापातही बदल झाला. गिअरबॉक्स निघाल्यामुळे इंजिने आणखी थोडी मागे घेता येत होती, आणि १.२ मीटरचा शाफ्ट बसत होता. पण उधाण यांचा हिशेब पुन्हा मांडल्यावर ते ३० सेंटिमीटर मी वजनाच्या बाजूने खर्च करायचे ठरवले: दीड मीटरच ठेवतो आणि नळी १०० ची घेतो.

एक शंका उरली आहे. इंजिने पुढे असल्यामुळे एक्झॉस्टची नळी अडीच मीटरहून लांब होते. ड्राइव्हमधून एक्झॉस्ट सोडावा की ट्रान्सममधून थेट?

उधाण

ट्रान्सममधून थेट सोडा. ड्राइव्हमधून सोडण्याची वाट अरुंद असते, आणि टर्बो असलेल्या डिझेलला मागचा दाब सोसत नाही. आधीच अडीच मीटरची नळी आणि तिची वळणे आहेत. त्यात आणखी अडथळा नको. नळीचा व्यास इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा कमी होऊ देऊ नका, आणि वळणे शक्य तितकी मोठी घ्या. ड्राइव्हच्या जोडणीतली एक्झॉस्टची वाट उत्पादकाच्या झाकणाने बंद करा. इंजिन थंड ठेवणारे पाणी ड्राइव्हमधून ओढण्याऐवजी इंजिनाजवळ बुडातूनच स्वतंत्र तोंड, सी-कॉक (बंद करायची झडप) आणि गाळणी घ्या; ओढण्याची नळी आखूड राहील आणि गाळणी हाताशी येईल.

खरी काळजी परतीच्या, म्हणजे एक्झॉस्टमधून उलटे इंजिनात शिरणाऱ्या पाण्याची आहे. मध्यावर बसलेले इंजिन ट्रान्समजवळच्या इंजिनापेक्षा पाण्यात खोल बसते, कारण तिथे बूड खोल आहे. त्यामुळे एक्झॉस्टच्या एल्बोची (इंजिनावरच्या वळणाच्या तुकड्याची) उंची जलरेषेच्या वर पुरेशी आहे की नाही, हे गृहीत धरू नका. एल्बोमध्ये ज्या ठिकाणी इंजिन थंड करून आलेले पाणी एक्झॉस्टच्या गॅसमध्ये मिसळते, ती जागा भरलेल्या नौकेच्या जलरेषेपासून निदान ३०० मिलिमीटर वर हवी, आणि पुस्तिकेत याहून जास्त मागितले असेल तर ते अंतिम. तेवढी उंची मिळत नसेल तर उंच रायझर लावा. त्यानंतर नळी ट्रान्समपर्यंत सतत उतरती हवी. मध्ये कुठेही पोट पडले तर तिथे पाणी साचते. शाफ्टचे आच्छादन आणि नळी यांच्यात हात जाईल एवढी जागा ठेवा, नाहीतर थरथरीत नळी आच्छादनाच्या कडेवर घासून फाटते आणि एक्झॉस्ट वायू कॉकपिटखाली साचतो.

जलरेषेचे माप घेताना इंधनाच्या व पाण्याच्या टाक्या पूर्ण भरा, बॅटऱ्या नव्या जागी ठेवा, आणि इंजिने व ड्राइव्ह अजून आले नसतील तर त्यांच्या वजनाइतक्या वाळूच्या गोणी त्यांच्या जागी मांडा. ड्राइव्हच्या वजनासाठी गोणी ट्रान्समच्या आत ठेवण्याऐवजी मागे फळी बांधून तिच्यावर ठेवा. मग नौका शांत पाण्यात सोडून दोन्ही बाजूंना आणि ट्रान्समवर पेन्सिलने रेघ मारून घ्या. एल्बोची उंची त्या रेघेपासून मोजा.